पाहुण्यांसाठी टाळ्या



मुलाकडे सेंट लुईसला गेलं की तिथला बेसबॉल संघ, कार्डिनल्स, आपोआप आपला होतो. नातवाने नियम शिकवले. एकूण ९ डाव, आणि प्रत्येक डावात आधी फलंदाजी पाहुण्या संघाची. पहिलं पान पाहुण्याला, तसंच!

यंदा आम्ही चौघी मैत्रिणी रेल्वेने शिकागोला गेलो, तेव्हा आपला संघच पाहुणा होता. समोर शिकागो कब्स, त्यांचा जुना प्रतिस्पर्धी. रिग्ली फील्ड हे मैदान १९१४ सालचं. भिंतीवर हिरव्या वेली, आणि मोठ्या धावफलकावरचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात. इथे दिवे लागले ते थेट १९८८ मध्ये. आमचाही सामना दुपारचाच होता, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणाची काळजी नव्हती.

चहूकडे निळे शर्ट, मध्ये आमच्या चार लाल ओढण्या. कार्डिनल्सच्या एकाने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलावला आणि आम्ही उभ्या राहून टाळ्या पिटल्या. ज्याला चेंडू मिळाला त्याने तो मैदानात परत फेकला. पाहुण्यांचा होमरन ठेवून घ्यायचा नाही, अशी तिथली रीतच आहे. आम्हालाही हसू आलं.

पुढे यजमानांच्या हातून सोपा झेल सुटला. मैत्रीण टाळ्या वाजवायला उठली, मी तिचा हात धरला.

"अगं, फायदा आपलाच झाला ना?"

"झाला. पण कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. टाळी ही अनुमोदनाच. चांगल्या खेळाला दे, कुणाच्या फजितीला कशाला?"

"तुझी खातेवही घरी ठेवून यायचीस!" ती म्हणाली. पण आठव्या डावात कब्सच्या खेळाडूने भिंतीशी उडी मारून आपल्याच संघाचा फटका झेलला, तेव्हा पहिली टाळी तिचीच होती. शेजारच्या निळ्या शर्टातल्या आजीबाई आमच्याकडे बघतच राहिल्या, मग त्यांनी खाऊचा पुडा पुढे केला. बटाट्याचे काप होते, म्हणून हात जोडून नको म्हटलं. त्याही हसल्या.

आपण हरलो. मैदानावर निळ्या 'डब्ल्यू'चा पांढरा झेंडा चढला.

बी.कॉम.ला शिकले होते, दुसऱ्याचा तोटा म्हणजे आपली जमा नव्हे. जावेची पुरणपोळी फुटली, शेजारच्या मुलाचे मार्क घसरले, की मनात एक बारीकशी टाळी वाजते. ती कुणाला ऐकू येत नाही, पण खात्यावर चढते. तेवढी आवरता आली तरी पुष्कळ.