विरजणातली सावड

मे महिन्यात यवतमाळात पारा ४५ अंशांकडे सरकला की दही फार थांबत नाही. सकाळी लावलेलं दुपारच्या जेवणाला कवडीदार लागतं. उचलायचा विसर पडला तर दिवेलागणीला आंबटढाण. डिसेंबरात सगळं उलट. गंज गोधडीत गुंडाळून ठेवला तरी सकाळी दूध ते दूधच.

करंगळी बुडवून दुधाची ऊब सोसते का ते पाहायचं आणि चमचाभर विरजण घालायचं, एवढंच आपलं काम. पुढचं काम बघणारे वेगळे. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे गोल, साखळीनं जोडलेले. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस लांबट. १९०५ साली स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाला ते जिनिव्हात सापडले. गोल मंडळी आधी कामाला लागतात. दुधात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, थोडं फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. लांबट मंडळींना हेच हवं असतं. ते केसीन हे दुधातलं प्रथिन तोडतात आणि त्याचे तुकडे गोल मंडळींच्या पोटी पडतात. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. अशी ही सावड. एकेकट्यानं रेंगाळलं असतं, ते काम दोघं मिळून काही तासांत उरकतात.

दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होत जातं. सामू ६.६ वरून ४.६ च्या आसपास उतरला की केसीन एकमेकांना धरतं. गंज कलता केला तर दही हलत नाही. चमच्यानं काप काढला की खळग्यात हिरवट-पिवळी निवळी जमते. नेमकं तेव्हाच ते उचलायला हवं. कारण आम्ल वाढलं की गोल मंडळी आधी थकतात, लांबट मात्र थांबत नाहीत. आंबटपणा येतो तो या एकतर्फी राबण्यातून.

थंडीत हे दोघेही मंदावतात. तेव्हा लॅक्टोकॉकससारखी मंडळी पुढे येते. काम सावकाश, पण त्यांतल्या काही जाती दुधातल्या सायट्रेटपासून डायअॅसिटिल बनवतात, आणि दह्याला लोण्याचा वास येतो. म्हणून एकाच घरचं विरजण बारा महिने सारखं राहत नाही.

२०१२ साली हैदराबादच्या जैवविविधता परिषदेच्या वेळी लॅक्टोबॅसिलसला भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून मान मिळाला. मान मोठाच, पण दह्याचं श्रेय एकट्याचं नाही. तेव्हा उद्याचं विरजण तळाशी उरलेल्या आंबट दह्यातून घेऊ नका. दही लागल्याबरोबर, दोघंही दमात असताना, चमचाभर बाजूला काढा.