माथेरानचा बछेरा

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानावर चढले आणि १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर आली; परंतु पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरीनाक्यापुढें जात नाहींत. म्हणून तेथील तांबड्या वाटांवर अद्यापि घोड्यांच्या टापा वाजतात.

तेथें एका घोडेवाल्याचा तीन वर्षांचा बछेरा पाहण्यांत आला. या वयांत घोड्याचे दुधाचे दांत पडूं लागतात. दाढांच्या धारदार कडा गालास टोंचल्या, तर कानशीनें घांसाव्या लागतात. हें काम कोणा उतावळ्यानें ओठास फांस घालून, चौघांकडून दाबून धरून उरकलें होतें. तेव्हांपासून लगाम दिसतांच बछेरा मान उंचावून मागें सरे. दिवाळीचा हंगाम तोंडावर, आणि घरांत सात माणसें त्याच मिळकतीवर!

"गुरुजी, आतां घाई केली तर जन्माचा बिघडेल," घोडेवाला म्हणाला. शालिहोत्राचें नांवही त्यास ठाऊक नसावें. तोंडांतील जखम भरेपर्यंत लगाम खुंटीवरच राहिला. मग रोज सकाळीं तो मानेवरून, पुढें गालावरून हात फिरवी. बछेरा बिचकला कीं हात तेथेंच थांबे. स्थिर राहिला कीं लगेच दूर होई. उगें राहिल्यानें सुटका होते, हें त्या मुक्या जीवास असें कळूं लागलें. छडीवर भिस्त ठेवणाऱ्या पंतोजींनीं हें अवश्य पाहावें.

पुढें गुळाचें बोट ओठाच्या कोपऱ्यांतून, पुढील दांत व दाढा यांमधील मोकळ्या हिरडीवर जाऊं लागलें. लगामाची कडी तेथेंच बसते. मी गड उतरलों तोंवर लगाम चढला नव्हता. पण बछेऱ्यानें कडीवरचा गूळ चाटलेला मीं पाहिला.