पावती कुणाच्या नावाची?

अंगावर विमान कंपनीचं जाकीट, गळ्यात विमानतळाचा पास आणि पगाराच्या पावतीवर तिसऱ्याच ठेकेदाराचं नाव. मुंबई विमानतळावर लोडर म्हणून लागलो, तेव्हा बॅगा कुठं टाकायच्या ते दोन दिवसांत कळलं. चाकरी कुणाची करतोय ते महिना उलटला तरी कळेना. विमानाच्या पोटात ताठ उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर रांगत, घामानं निथळत बॅगा रचायच्या. त्याचं काही नाही, आमच्या पाटण तालुक्यात ओझं उचलायला कोण लाजतो?

सुट्टीत सांगलीला मामाकडं गेलो. मामा मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतो, नोंदीत माथाडी आहे. माझा पास उलटासुलटा करून त्यानं विचारलं, “हजेरी कुणाकडं लागती रं तुझी?” मला सांगता येईना. त्याचं सरळ आहे. नाव माथाडी मंडळात, मजुरी मंडळातून. व्यापारी वर लेव्ही भरतो, त्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी. पेढी बदलली तरी मंडळाच्या दप्तरात मामा जागच्या जागी. आमच्याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या हमालांना एकत्र करून झगडा केला, तेव्हा कुठं १९६९चा माथाडी कायदा झाला.

परत जाताना साताऱ्यात उतरलो. चुलत बहीण तिथं वकिली करते. तिच्याकडं डोकं शांत होईल वाटलं, ते जास्तच गरगरलं. ती म्हणाली, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं एअर इंडियातल्या झाडलोटीच्या कंत्राटी कामगारांना कायम करायला सांगितलं. २००१ मध्ये ‘सेल’ या पोलाद कंपनीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तोच निकाल मोडीत काढला: कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही.

“मग युनियनचा करार?” मी म्हटलं. करार म्हणजे ढाल, एवढंच मला ठाऊक.

ताई हसली. जेट एअरवेजच्या मुंबईतल्या मुदतीवर घेतलेल्या लोडर आणि ड्रायव्हरांचं उलटंच झालं होतं. २००२च्या करारात तेव्हाच्या युनियननं कायम करण्याची मागणीच सोडून दिली. पुढं दुसरी युनियन भांडत राहिली. २५ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, २४० दिवस भरले की कायम होण्याचा हक्क. नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या स्थायी आदेशांपुढं खासगी करार चालत नाही. हे ऐकून मी उडालोच. पण निकाल लागला तेव्हा जेटची विमानं जमिनीवर बसून चार वर्षं झाली होती. हक्क मिळाला, मालक कुठं होता?

“तुझ्यात नि कंपनीत ठेकेदार आहे, त्यामुळं तुझं आणखी अवघड,” ताई म्हणाली. “तरी दिवस मोजत जा. पावत्या टाकू नकोस.”

खोलीवरच्या कालनिर्णयवर रोज एक रेघ मारायला लागलो. सोबतची पोरं हसायची. दोनशे एकतिसाव्या रेघेला सुपरवायझरनं बोलावलं: ठेकेदार बदललाय, उद्यापासून नवा फॉर्म, नवी नेमणूक.

“जाकीट जमा करायचं का?” मी विचारलं.

“जाकीट राहू दे,” तो म्हणाला. “ते तेच आहे.”