मीठ-साखरेचे पाणी

आमच्या तुकडीने स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा आम्हां सर्वांना एकच रात्र आठवली. आम्ही आठवीत होतो. पावसाळ्याचे दिवस होते. सायंवंदना आटोपून वसतिगृहात परतलो आणि आमच्यातील एकाला जुलाब व उलट्या सुरू झाल्या. मध्यरात्रीपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. तो पाणी मागत होता आणि आम्ही तांब्या त्याच्या हाती लागू देत नव्हतो. जुलाबात पाणी दिले की जुलाब वाढतात, हेच आम्ही आपापल्या घरी ऐकत आलो होतो.

गुरुजी कंदील घेऊन आले. त्यांनी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवले आणि ते पाणी त्याला घोटघोट पाजू लागले. उलटी झाली की दहा मिनिटे थांबत व पुन्हा चमच्याने देत. पहाटे त्याला लघवी झाली, तेव्हा गुरुजींच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले. उजाडल्यावर त्याला आरोग्य केंद्रात नेले. चौथ्या दिवशी तो परतला.

त्याच सकाळी आमच्यातील दुसरा एक जण विहाराच्या मागे रडत बसलेला दिसला. आदल्या वर्षी त्याची धाकटी बहीण याच आजाराने गेली होती. तिचे भले व्हावे म्हणूनच घरच्यांनी तिचे पाणी बंद केले होते. गुरुजी बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिले. मग एवढेच म्हणाले, "आईला दोष देऊ नकोस. तिला कोणी सांगितलेच नव्हते."

त्या पाण्याने नेमके काय केले, हे आम्हांला पुढे महाविद्यालयात सक्रिय वहन शिकताना उमगले. पदार्थ जेथे अधिक असतो तेथून कमी असेल तिकडे आपोआप पसरतो. पेशी मात्र या उताराच्या उलट काम करते. तिच्या पटलातील एक प्रथिन एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकते व दोन पोटॅशियम आयन आत घेते. आपण झोपेत असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या कामी खर्च होतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांतून याचा माग काढला. १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या श्रमामुळे आतड्याच्या पेशीत सोडियम सतत कमी राहते. म्हणून आतड्यातील सोडियम पेशीत शिरू पाहते. त्याच्यासाठी पटलात एक दार असे आहे की त्यातून सोडियम व ग्लुकोज जोडीने आत येतात, आणि त्यांच्यामागून परासरणाने पाणी येते. साखर पचली की हे ग्लुकोज मिळते. कॉलऱ्यातही हे दार चालू राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये बनगाव येथे कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

त्या रात्री आमच्या मित्राच्या पेशी आपले काम करीतच होत्या. त्यांना लागणारे पाणी आम्ही अडवून धरले होते.

पालकांना आमची विनंती आहे. जुलाबात मुलाचे पाणी बंद करू नका. जलसंजीवनीची पुडी घरी ठेवा. पुडी नसेल तर वरील मापानेच पाणी करा. जास्त मीठ घातक ठरते. मूल सुस्त होऊ लागले, पिणे थांबले किंवा लघवी होईना, तर विलंब न करता दवाखान्यात न्या. वाटेतही पाजत राहा.

ज्याची बहीण गेली, तो आमचा मित्र दर पावसाळ्यात आपल्या गावी घरोघरी या पुड्या पोहोचवतो. पहिल्या वर्षी त्याची आईही त्याच्यासोबत फिरली होती.