एकशे सत्तावीस रुपये

आमच्या उर्दू शाळेत पालक दोन कामांसाठी येतात. एक, मुलाची तक्रार ऐकायला. दुसरे, मोबाइलवर काहीतरी करून घ्यायला. शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारमधल्या नावाची दुरुस्ती, रेल्वेचे तिकीट, आणि गेल्या काही वर्षांपासून ऑनलाइन खरेदी. ज्यांच्या हातात मोबाइल नाही असे घर आता कुर्डुवाडीत शोधावे लागेल, पण मोबाइल असणे वेगळे आणि त्यावर पैसे भरायची हिंमत असणे वेगळे. ती हिंमत नसलेली माणसे मास्तरांकडे येतात. मास्तरांच्या मोबाइलवरून मागवले की फसवणूक होत नाही, असा एक समज मोहल्ल्यात पसरलेला आहे. हा समज आम्हाला आवडत होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

रमजानला महिनाभर होता. सहावीतल्या एका मुलीची अम्मी मधल्या सुट्टीत आली. घरी शिलाईचे काम करतात. ईदच्या आधी कपड्यांचा ढीग पडतो आणि पायाने मशीन चालवून चालवून गुडघे धरतात. मशीनला विजेची मोटर बसवायची होती. स्टेशनकडच्या रस्त्याला मशीन दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी तेराशे सांगितले होते, पट्टा आणि बसवून देण्यासकट.

"सर, मोबाइल पे कित्ते को मिलती देखो ना जरा."

आम्ही व्हरांड्यातच मोबाइल काढला. २४९९ वर आडवी रेघ आणि खाली ठळक अक्षरांत ११४९. बाजूला लाल रंगात 'फक्त ३ शिल्लक'. आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आपा, साडेग्यारा सौ में होता. चाचा दीड सौ ज्यादा बोल रहे."

चाचांबद्दल ते शेवटचे वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

चार दिवसांनी आपा पैसे घेऊन घरी आल्या. पाचशेची एक नोट, बाकी शंभराच्या, पन्नासच्या आणि दहाच्या. बरोबर ११५०. त्यांची एक अट होती: माल हातात आल्यावरच कंपनीला पैसे जातील. माल न पाहता पैसे द्यायचे नाहीत, हे त्यांचे म्हणणे आम्हालाही चुकीचे वाटले नाही. त्या मुलांच्या अम्मीशी बोलत बसल्या आणि आम्ही मोबाइल उघडला.

पहिल्या पानावर ११४९. पत्ता शाळेचा टाकला, तेव्हा पोहोच खर्चाचे ७० रुपये वाढले. पैसे रोखीने देणार म्हटल्यावर ४९ वाढले. शेवटच्या पानावर 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून ९ रुपये. आणि त्याच्या खाली 'मालाचे संरक्षण' ३९ रुपये, ज्याच्या चौकटीत आमच्या आधीच कुणीतरी बरोबरची खूण करून ठेवली होती. एकूण १३१६. ती खूण काढायला आम्हाला पाच मिनिटे लागली. काढताना मोबाइलने विचारले, तुम्हाला तुमच्या वस्तूची काळजी नाही का? खूण काढल्यावर आकडा १२७७ वर थांबला. वर घड्याळ उलटे चालू होते. सात मिनिटांत सवलत संपणार होती.

११५० आणि १२७७. फरक १२७ रुपयांचा.

आपा शेजारच्या खोलीत होत्या. चार पावले जाऊन सांगायला हवे होते की भाव वाढला, घ्यायची का? आम्ही गेलो नाही. साडेअकराशे बोलून बसलो होतो. आता पावणेतेराशे कोणत्या तोंडाने सांगायचे? फरक आपण घालू, नेकीचे काम आहे, अशी मनाची समजूत घातली आणि बटण दाबले.

सहाव्या दिवशी पार्सल शाळेत आले. आम्ही १२७७ रुपये दिले, संध्याकाळी खोका मुलीबरोबर घरी पाठवला. खोक्यावरची चिठ्ठी काढायची राहून गेली. आपा उर्दू जेमतेम वाचतात, पण आकड्यांना भाषा कुठली असते? मोजमापावरच त्यांचे पोट आहे.

दुसऱ्या दिवशी त्या रुमालाच्या गाठीत १२७ रुपये घेऊन शाळेत आल्या.

"सर, तुमे तो साडेग्यारा सौ बोले थे ना?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. पोहोच खर्च, वगैरे.

"वो जकात के थे क्या सर?"

"नहीं आपा, तौबा."

"जकात लेने की नौबत नई आई अबी." मग गाठ सोडता सोडता त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "भाव बढ्या तो बोलना था ना सर. मैं चाचा के पास से लेती."

वाक्य एवढेच. बी.एड.ला मूल्यशिक्षणाचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी सोडवला होता, पण या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मोटर बसवायला त्या शेवटी चाचांकडेच गेल्या. त्यांनी शंभर घेतले. म्हणजे १३७७. दुकानापेक्षा ७७ रुपये जास्त. चाचांनी मोटर कुठून आणली म्हणून विचारलेही नाही, असे आपांनी सांगितले. ते आम्हाला जास्त लागले.

बाजारात वरखर्च लागतो हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. हे गावच माल चढवण्या-उतरवण्यावर वाढले. १८९७ मध्ये बार्शी लाइट सुरू झाली तेव्हा या स्टेशनला बार्सी रोड म्हणत. छोट्या रुळावरून आलेला माल इथे उतरवून मोठ्या रुळावरच्या डब्यात चढवावा लागे. दर चढ-उताराला हमाली होतीच. आडतीतल्या पट्टीवरही हमाली, तोलाई, मोटारभाडे असे रकाने असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला १ रुपया. ५१२ रुपयांतून ५०९ रुपये ५० पैसे खर्च वजा झाला आणि त्याच्या हाती २ रुपयांचा चेक आला. देशभर त्याची बातमी झाली. ती पट्टी क्रूर होती. पण ती वाचता येत होती, म्हणूनच तर लोकांना संताप आला.

आणि बाजार तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? तोंड बघून भाव सांगणारे दुकानदार आम्ही लहानपणापासून पाहतो. अम्मी कापडाच्या दुकानातून तीन वेळा उठून जायच्या, तेव्हा कुठे खरा भाव बाहेर यायचा. पण तिथला भाव 'हो' म्हणण्याच्या आधी वरखाली होतो. घासाघीस करायला समोर माणूस असतो आणि पायरी उतरून जायची मुभा असते. मोबाइलवर भाव आपण मनात 'हो' म्हटल्यावर चढतो. पत्ता भरलेला असतो, घड्याळ पळत असते, कुणाला तरी शब्द दिलेला असतो. एवढे चालून आल्यावर सत्तर रुपयांसाठी मागे फिरायला माणसाला लाज वाटते. त्या लाजेवरच हा सगळा हिशेब बसवलेला आहे.

आपल्या दीनमध्ये सौद्याची एक शर्तच ही आहे की किंमत दोन्ही बाजूंना ठाऊक हवी. कुरआनात मापात कसूर करणाऱ्यांवर एक पूर्ण सूरह आहे, मुतफ्फिफीन, ८३ वी. हजरत मुहंमद पैगंबर (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. हा प्रसंग आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. कोरडे धान्य वर आणि ओले खाली. ११४९ वर आणि १२८ खाली. फरक काय?

या प्रकाराला सरकारने नावही दिले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला गुंगवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. 'डार्क पॅटर्न' असे त्यांना म्हणतात. थेंबाथेंबाने किंमत वाढवणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, खोटी घाई करणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे. यादी वाचताना आम्हाला ती संध्याकाळच आठवली. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने पोहोच खर्चासह एकूण किंमत एका आकड्यात, फोड करून दाखवायची असते; आणि ग्राहकाच्या संमतीची खूण आधीच करून ठेवता येत नाही. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत आपापली तपासणी करायला सांगण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोखीने पैसे देणाऱ्याकडून जादा आकार घेतल्याच्या तक्रारींवर चौकशी सुरू केल्याचे केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

पण कायद्यात आमच्यासाठी कलम नाही. कंपनीने १२८ रुपये आमच्यापासून शेवटच्या पानापर्यंत लपवले. आम्ही त्यातले १२७ रुपये आपांपासून लपवले, तेही पूर्णपणे. कंपनीने निदान बटण दाबायच्या आधी आकडा दाखवला होता. तिची नियत नफ्याची, आमची नेकीची, असे आम्ही स्वतःला समजावत होतो. खरे तर नेकीपेक्षा आमचा शब्द सांभाळायची घाई जास्त होती. आणि दोन्हीकडून आपांचे एकच नुकसान झाले: 'नको' म्हणायचा त्यांचा हक्क गेला. चाचांकडे जायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते.

ते १२७ रुपये आम्ही घेतले. न घेणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा लहान करणे झाले असते. शंभराची नोट, दोन दहाच्या, पाचाचे एक नाणे, दोनाचे एक. दोन परकर शिवून झाल्यावर राहिलेले पैसे असावेत.

त्यानंतर सातवीच्या गणितात नफा-तोट्याबरोबर एक नवे उदाहरण आम्ही घालतो. पहिल्या पानावरची किंमत, पोहोच खर्च, रोखीचा आकार, न मागितलेली खूण. एकूण काढा आणि चाचांच्या दुकानाशी तुलना करा. मुलांना ते आवडते. एका मुलाने विचारले, "सर, ये पैसे पहले पन्ने पे कायकू नई लिखते?" सहावीतून सातवीत गेलेली ती मुलगी मागच्या बाकावर मान खाली घालून उत्तर काढत होती. तिचे उत्तर बरोबर आले.

पालक अजूनही येतात. मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "सर, कित्ते का है?"

आता आम्ही लगेच बोलत नाही. "रुको," म्हणतो, "आखरी पन्ना देखने दो."