फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून दुकानात आलेला माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : ‘काही केलं नाही ओ, आपोआपच बंद पडला.’ तो खोटं बोलत नसतो. आदल्या रात्री कुठल्यातरी खिडकीत एक टिक केलेली असते, आणि तेवढ्याने मशीन बंद पडेल असं त्याच्या मनातही येत नाही. म्हणून मी ‘काय केलंत?’ असं विचारतच नाही. त्या प्रश्नाने माणूस गप्प होतो. ‘शेवटचा चालू होता तेव्हा काय काम चाललं होतं?’ असं विचारलं की हळूहळू निघतं. व्हिडिओ बघून स्पीड वाढवत होतो. नवीन एसएसडी टाकली म्हणून बायोसमध्ये जाऊन आलो. पोरानं उबुंटू काढून टाकलं. हे एक उत्तर मिळालं की निम्मी दुरुस्ती झालेली असते.

आमच्या धंद्यात मात्र हा प्रश्न विचारण्याआधीच ‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे वाक्य तोंडातून निघतं. माझा या सवयीवर मनापासून राग आहे. बूटची सेटिंग बिघडल्यामुळे बंद पडलेल्या मशीनमधला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी, धडधाकट असतो. तो जातो दुरुस्तीत. लग्नांचे फोटो, टॅलीची वर्षानुवर्षांची खाती, पीएचडीचा प्रबंध, हे सगळं एका चुकीच्या टिकपायी पुसलं गेलेलं मी पाहिलं आहे.

पॉवरचं बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. जुन्या मशीनवर त्याला बायोस म्हणतात, नव्यावर यूईएफआय. बोलताना आपण दोन्हींना बायोसच म्हणतो. ते रॅम, डिस्क, कीबोर्ड तपासतं आणि ठरलेल्या क्रमाने सुरुवातीचा प्रोग्रॅम शोधतं. नव्या मशीनवर तो एका छोट्याशा, फॅट ३२ पद्धतीच्या पार्टिशनमध्ये असतो. हे पार्टिशन एरवी आपल्याला दिसत नाही. तिथला बूट मॅनेजर बीसीडी नावाची नोंदवही वाचतो : विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे, कुठल्या अटींवर सुरू करायची. मग लोडर येतो, तो कर्नल मेमरीत चढवतो, डिस्कचा ड्रायव्हर जागा होतो आणि पुढचा कारभार विंडोज हातात घेते. या वाटेवर तुमचे फोटो, तुमच्या फाइली कुठेच येत नाहीत. त्यामुळे साखळी कुठल्या कडीवर तुटली ते ओळखायचं आणि तेवढीच कडी सांधायची.

ती कडी स्क्रीनच सांगते. कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर विंडोजला दोष देऊन उपयोग नाही, बिघाड हार्डवेअरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये आहे. लोगो येऊन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा मजकूर आला तर क्रम किंवा डिस्क बघायची. निळा स्क्रीन आला तर निदान बूट मॅनेजरपर्यंत गाडी पोहोचली होती हे नक्की. ग्राहकांना माझी विनंती असते की बंद-चालू करत बसण्याआधी त्या स्क्रीनचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

अर्थात मजकूर शब्दशः घेऊन चालत नाही, हे एक्सपीच्या काळात पक्कं कळलं. तेव्हा बीसीडी नव्हती. बूट डॉट आयएनआय नावाची साधी टेक्स्ट फाइल असायची, नोटपॅडमध्ये उघडणारी. विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे तो आकडा त्यात असे. कुणी पार्टिशन पाडलं, कुणी फाइलमधली ओळ बदलली, की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर यायचं : हाल डॉट डीएलएल ही फाइल सापडत नाही किंवा खराब आहे. लोक ती फाइल दुसऱ्या मशीनवरून आणून कॉपी करत बसत. फाइल बहुधा आपल्या जागी ठणठणीत असायची, आकडा एकऐवजी दोन झालेला असायचा. लोडर चुकीच्या पार्टिशनवर जाऊन ती शोधायचा आणि नाही म्हणून सांगायचा. तो आकडा दुरुस्त केला की मशीन उठायचं. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली आणि त्या फाइलची जागा बीसीडीने घेतली. ती नोटपॅडमध्ये उघडत नाही, तिला बीसीडीएडिट ही कमांड लागते.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण आजकाल हाच बिघाड सारखा येतो. गावातला एक फोटोग्राफर, ऐन लग्नसराईत, मशीन घेऊन आला. लोगो येई, खाली ठिपके फिरत, निळा स्क्रीन येई, पुन्हा लोगो. दुसऱ्या एका दुकानात त्याला फॉरमॅट सांगितलं होतं आणि आत तीन लग्नं होती, अल्बमला न गेलेली. ‘दादा, एवढे फोटो काढून द्या, बाकी कॉम्प्युटर गेला तरी चालेल,’ असं म्हणाला. विचारता विचारता कळलं की एडिटिंग जड जातं म्हणून त्याने व्हिडिओत बघून विंडोजमधलं एमएसकॉन्फिग हे सेटिंगचं साधन उघडलं होतं. त्यात बूटच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये दोन चौकोन असतात, प्रोसेसरची संख्या आणि कमाल मेमरी. टिक केली की विंडोजला जास्त मेमरी मिळते असं व्हिडिओवाले सांगतात. खरं अगदी उलट आहे. चौकोन रिकामा असतो तेव्हा विंडोज असेल तेवढी सगळी मेमरी वापरते. टिक करून आकडा भरला की ती मर्यादा होते, त्याच्यावर जायचं नाही. शिवाय तिथला आकडा एमबीत मोजतात. याने जीबी समजून ८ भरले होते.

आठ एमबीत आजची विंडोज उभीसुद्धा राहू शकत नाही. पण विंडोजच्या दुरुस्तीच्या वातावरणाची बीसीडीमध्ये वेगळी नोंद असते, आणि मुख्य नोंदीवर घातलेली मर्यादा तिला लागत नाही. म्हणून मी लोगो येताच बटण दाबून धरून मशीन बंद केलं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. प्रॉम्प्ट एक्स ड्राइव्हचा येतो, घाबरायचं नाही, तो रॅममध्ये तात्पुरता तयार केलेला असतो. विंडोजचा सी ड्राइव्ह तिथे कधी कधी डी म्हणून दिसतो. हे न बघता कमांड मारणाऱ्यांची फसगत होते. बीसीडीएडिट लिहून एंटर दाबलं आणि डिफॉल्ट नोंदीत शेवटी ट्रंकेटमेमरी ही ओळ दिसली. फोटोग्राफरला बोलावून स्क्रीनवर बोट ठेवून ती दाखवली. डिलीटव्हॅल्यू वापरून तेवढी एक ओळ काढली आणि मशीन रीस्टार्ट केलं. डेस्कटॉप आला, तिन्ही लग्नं आपापल्या फोल्डरमध्ये होती.

त्याच पानावर ‘सेफ बूट’ची टिक असते. ती करून रीस्टार्ट केलं की मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच येतं, आणि तिथे पिन चालली नाही तर पासवर्ड लागतो. रोज पिनने आत जाणाऱ्याला तो आठवत नाही. आत जाता येत नाही म्हणून टिक काढता येत नाही. उपाय वरचाच, फक्त ओळ सेफबूटची.

बायोसमधल्या बदलांची तऱ्हा वेगळी. एसएसडी टाकली की डिस्कचा मोड एएचसीआय करा, असा सल्ला मिळतो. विंडोज रेड मोडमध्ये टाकलेली असेल आणि मोड एकदम बदलला, तर सुरू होताना योग्य ड्रायव्हर जागा नसतो आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. सेटिंग पूर्ववत केली की मशीन उठतं. बदलायचंच असेल तर आधी सेफ बूटची टिक करा, मग बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि टिक काढा. आणि कुणी हातही न लावता सेटिंग बदलली असेल तर बायोसमधली तारीख बघा. ती बरीच जुनी दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. तीन व्होल्टचा, बटणाएवढा सेल. त्याच्या जिवावर काही बोर्ड सेटिंग धरून असतात. असा सेल बदलून, मोड परत लावून चालू झालेली मशीनं ‘हार्ड डिस्क गेली’ या निदानासह माझ्याकडे आलेली आहेत.

कमांडची पाठ केलेली माळ मारणं हाही एक रोगच. फिक्सएमबीआर ही कमांड जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी आहे. त्या डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये ४४६ बाइट प्रोग्रॅम, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता आणि २ बाइट खूण असते. ही कमांड प्रोग्रॅम नव्याने लिहिते, तक्त्याला हात लावत नाही. यूईएफआय मशीनवर तिचा काही उपयोग नाही, आणि तिच्या जोडीची फिक्सबूट तर पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत येते. तिथे बीसीडीबूट लागते, जी बूटच्या फाइली विंडोजच्या फोल्डरमधून पुन्हा उचलून त्या छोट्या पार्टिशनमध्ये ठेवते.

लिनक्सची एक गोष्ट मला फार आवडते. ग्रब या तिथल्या बूट लोडरच्या मेनूवर ई दाबून ओळ बदलली तर तो बदल त्या एका वेळेपुरताच असतो. चुकलं तर मशीन बंद करून चालू करा, जुनी ओळ परत हजर. आधी एकदा करून बघा आणि जमलं तरच कायमचं लिहा, हा शहाणपणा त्या रचनेतच आहे. एमएसकॉन्फिगच्या टिका मात्र आपण जाऊन काढेपर्यंत तशाच राहतात. इंजिनीअरिंगची मुलं विंडोजमधून उबुंटूचं पार्टिशन पुसतात आणि ‘ग्रब रेस्क्यू’ बघून हादरतात. बहुतेक लॅपटॉपवर बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडला की काम होतं.

डेटा सुरक्षित असतो या माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे, डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर. सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग बदलली की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आतलं काढून देणारा कारागीर जगात नाही. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करताच हे कुलूप आपोआप लागतं आणि की त्या अकाउंटमध्ये जमा होते. मालकाला दोन्हीचा पत्ता नसतो. ही की हाताशी नसली की काय होतं ते तेव्हा दिसलं, जेव्हा १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण ते प्रत्येक मशीनपाशी जाऊन करायचं होतं, आणि बिटलॉकर होतं तिथे आधी की शोधावी लागत होती. म्हणून ती की आजच आपल्या अकाउंटमधून काढून कागदावर लिहा. बायोसमध्ये काही बदलणार असाल तर प्रत्येक पानाचा आधी फोटो घ्या. बीसीडीला हात लावणार असाल तर बीसीडीएडिटच्या एक्स्पोर्टने तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

फॉरमॅटचा आग्रह का होतो तेही मला माहीत आहे. फॉरमॅट शिकाऊ मुलगाही करतो, वेळ ठरलेला, दर ठरलेला. निदानाला अर्धा दिवसही लागतो आणि निघते एक ओळ. ‘एवढ्याशाचे पैसे?’ असं ग्राहक विचारतो, आणि दुकानदार पुढच्या वेळी सरळ पेनड्राइव्ह लावतो. माझ्या दुकानात फॉरमॅटचा आणि बूटच्या दुरुस्तीचा दर एकच ठेवला आहे, आणि पावतीवर कुठली सेटिंग बदलली होती ते लिहून देतो. फॉरमॅट करायचंच झालं तर आधी डेटाची कॉपी ग्राहकाला उघडून दाखवायची आणि त्याची सही घ्यायची, असं कामावरच्या मुलांना सांगून ठेवलं आहे.