‘सायकलवरून पडलो’ एवढंच सांगू नका

पुण्यात सायकल चालवणारे आता दोन प्रकारचे दिसतात. एक, रविवारी पहाटे हेल्मेट आणि चमकदार टी-शर्ट घालून सिंहगडाच्या दिशेने निघालेले. दुसरे, रोज पोटासाठी सायकल मारणारे: सोसायटीचे वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, प्लंबर, बांधकामावरचे मजूर. एकेकाळी ‘सायकलींचं शहर’ म्हणून मिरवणाऱ्या या गावात आज सायकलवाल्याच्या वाट्याला उभ्या गाड्या आणि धावती बस यांच्यामधली हातभर जागा उरली आहे. मी हाडांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारे जखमी सायकलवाले बहुतेक दुसऱ्या प्रकारातले असतात.

खरं तर सायकलवरून पडल्यावर होणाऱ्या फ्रॅक्चरवर लिहा, अशी एका वाचकाची सूचना होती. ते लिहितोच आहे. पण फ्रॅक्चरपेक्षा केसपेपरवरच्या एका ओळीने पेशंटचं जास्त नुकसान झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून त्या ओळीपासून सुरुवात करतो.

कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, “काय झालं?” तुम्ही म्हणता, “सायकलवरून पडलो.” डॉक्टर लिहून घेतात, ‘फॉल फ्रॉम सायकल’. यात खोटं काहीच नाही, पडलात हे खरंच आहे. मागून येणाऱ्या मोटारीचा आरसा लागला किंवा उभ्या गाडीचा दरवाजा अचानक उघडला म्हणून पडलात, हे मात्र राहून जातं. कधी पेशंट भांबावलेला असतो. कधी धडक देणाराच रिक्षाचं भाडं देऊन त्याला घेऊन आलेला असतो आणि शेजारी उभा राहून म्हणतो, “काका, पोलिसांचं लफडं कशाला? औषधपाण्याचं मी बघतो.” माणूस भिडेखातर गप्प बसतो. रात्रपाळीच्या डॉक्टरपुढे तेव्हा रांग लागलेली असते. तो ऐकलं तेवढंच लिहितो.

साधारण ३८ वर्षांचा एक प्लंबर माझ्याकडे अपघातानंतर तीन आठवड्यांनी आला. मोटारीचा दरवाजा लागून तो उजव्या हातावर पडला होता. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर ‘फॉल फ्रॉम सायकल’, ‘एक्स-रे नॉर्मल’, ‘मुरगळलं’ असं होतं. त्याला पाना धरता येत नव्हता. नव्या एक्स-रेत स्कॅफॉइड मोडलेलं स्पष्ट दिसलं. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात मला साक्षीला बोलावलं. विमा कंपनीच्या वकिलांनी तो पहिला कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “डॉक्टर, यात गाडीचा उल्लेख कुठे आहे?” तो नव्हताच. असं हाड हातावर पडल्याने मोडतं आणि ते एक्स-रेच्या काही आठवडे आधी मोडलं असावं, एवढं मी सांगू शकलो. पाडलं कोणी, हे एक्स-रेत दिसत नाही. शेवटी तडजोड झाली आणि तीन महिन्यांच्या कमाईइतकीही रक्कम त्याच्या हाती पडली नाही.

स्कॅफॉइड हे मनगटातलं, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं काजूएवढं हाड. तोल गेला की आपण हात पुढे टेकतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. त्याचा रक्तपुरवठा उलट्या बाजूने, म्हणजे बोटांकडच्या टोकाकडून येतो. त्यामुळे ते मधोमध मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं आणि हाड जुळत नाही. गोम अशी की पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ही चीर कित्येकदा दिसतच नाही, दहा ते चौदा दिवसांनी दिसते. म्हणून अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे नॉर्मल असूनही आम्ही हात आधारपट्टीत ठेवतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतो. तो दुसरा एक्स-रे टाळू नका.

आता याची कायद्याशी गाठ कुठे पडते बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं आहे. हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं त्यात येतं. तीव्र वेदना पंधरा दिवस राहिल्या किंवा तेवढे दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत, तरी ती गंभीर दुखापत ठरते. म्हणजे ‘मुरगळलं’ आणि ‘स्कॅफॉइड मोडलं’ या दोन शब्दांत जसा उपचारांचा फरक आहे, तसाच कायद्याचाही आहे.

पडल्यावर लगेच “मला काही झालं नाही” म्हणण्याची घाई तर करूच नका. धडकेनंतर शरीरात ॲड्रिनलिन उसळलेलं असतं, त्यामुळे वेदना काही काळ दबते. डोक्याला मार लागलेला माणूस तासभर नीट बोलतो आणि मग झोपाळू होतो. कवटीच्या आत रक्त साठत असतं. मुलांच्या पोटात हँडलचं टोक घुसतं, वर एक छोटा गोल वण दिसतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असते. उलट्या, वाढती डोकेदुखी, वाढती पोटदुखी, खांद्यात उगाच दुखणं यांपैकी काहीही झालं तर रात्रीच हॉस्पिटल गाठा. तसं काही नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या. पुढे दावा करायची वेळ आली, तर त्या तारखेचा कागद हाच तुमचा सर्वांत मोठा आधार असतो.

त्या कागदासाठी डॉक्टरांना पूर्ण वाक्य सांगा: “अमुक रस्त्यावर, अमुक वाजता, अमुक रंगाच्या मोटारीने मागून धडक दिल्याने पडलो.” गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. शुद्ध हरपली होती का, तेही सांगा. वाहन-अपघात म्हटल्यावर हॉस्पिटल ‘एमएलसी’, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. अनेकांना याची भीती वाटते. पण एमएलसी म्हणजे तुमच्यावरचा गुन्हा नव्हे. तुम्हाला काय इजा झाली, याची ती सरकारदरबारी नोंद आहे. आणि ‘आधी पोलिसात जा, मग उपचार’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तातडीचे उपचार पोलिसी सोपस्कारांसाठी अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

तुम्हाला उचलून आणणाऱ्यालाही घाबरण्याचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गाडीवाल्याची गोष्ट वेगळी. जखमीला उपचार मिळवून देणं हे कलम १३४ नुसार त्याचं कर्तव्यच आहे. तेव्हा त्याने रिक्षाचं भाडं दिलं म्हणून उपकाराखाली दबू नका.

पैशांचं काय? मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातातल्या जखमीला, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. सायकलवालाही त्यात येतो. ११२ ला फोन केला की जवळचं असं हॉस्पिटल विचारा.

सायकलला लायसन्स लागत नाही, विमा लागत नाही. म्हणून आपल्याला हक्कही नाही, असं माझ्या कित्येक पेशंटना वाटतं. आहे उलटंच. प्रत्येक मोटार वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि ती ‘थर्ड पार्टी’ म्हणजे रस्त्यावरचे तुम्ही-आम्हीच. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो आणि तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. वाहनचालकाची चूक सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची ठरावीक रक्कम मागण्याची वाटही आहे (कलम १६४), पण दोन्हीपैकी एकच वाट धरता येते. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. आणि गाडी नव्हे, खड्डाच कारण असेल तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे जखमी झालेल्यांना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आहे. अशा वेळी कागदावर ‘खड्ड्यात चाक गेल्याने’ असं आलं पाहिजे.

तुमची स्वतःची चूक असेल, म्हणजे उलट्या दिशेने येत होतात किंवा रात्री दिवा नव्हता, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते, पण दावा आपोआप बुडत नाही. सायकलवर हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. तरीही घाला, हे वकील नाही, डॉक्टर सांगतोय.

एक गोष्ट मात्र आम्हा डॉक्टरांनाही नीट समजून घ्यावी लागते. आम्ही देतो तो अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाचा पगार मात्र चालू राहू शकतो. त्या प्लंबरचा ढोबळ हिशेब करू. महिना २० हजार म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. ३८ वर्षांच्या वयाला गुणक १५. मनगटाचं अपंगत्व १२ टक्के धरून तेवढाच तोटा मोजला तर ४ लाख ३२ हजार होतात. कामाचा तोटा २५ टक्के आहे हे दाखवता आलं, तर ९ लाख. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी वेगळीच. म्हणून काय काम करता आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे दर तपासणीला डॉक्टरांना सांगा आणि लिहून घ्यायला लावा. नळ उघडता येत नाही, पिशवी उचलता येत नाही, हँडल धरता येत नाही, अगदी असंच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो. मोडलेली सायकल फोटो काढल्याशिवाय दुरुस्तीला टाकू नका. बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे एका पिशवीत ठेवा. कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र उपचार संपल्यावरच देता येतं आणि स्कॅफॉइडसारख्या हाडाला त्यासाठी कित्येक महिने लागतात. त्याची वाट बघत सहा महिने घालवू नका. दावा आधी दाखल करा, प्रमाणपत्र नंतर जोडता येतं.